दार उघडेपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

बिल्ला मिळाला! गोल, हिरवा, त्यावर एकमेकांना धरलेले दोन हात आणि खाली अक्षरं – 'मनमित्र'. मनुष्यबळ खात्यातल्या हसऱ्यानं स्वतःच्या हातानं माझ्या शर्टाला लावला. टाचणी कातडीत घुसली. "सॉरी सर, सॉरी" – आणि तरी हसतोय! या माणसाचे ओठ मिटलेले मी आजवर पाहिलेले नाहीत.

कार्यक्रमाचं नाव 'मनःसोबत'. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी. म्हणजे एक फोन नंबर, त्यावर बाहेरच्या कुठल्याशा संस्थेचे समुपदेशक, भिंतीवर पोस्टरं, खिडकीत दोन कुंड्या, आणि प्रत्येक विभागात एक मनमित्र, ज्यानं बाकीच्यांना गोड बोलून त्या नंबराकडे वळवायचं. आपत्कालीन टेबलाचा मनमित्र मी. मला विचारलं? छे! "सगळे तुमचं ऐकतात ना सर."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी निम्मे मेकॅनिक घरी पाठवलेत. त्यातला एक परत द्या. कुंड्या घेऊन जा."

"तो वेगळा विषय आहे सर."

वेगळा कसा? लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लाल बटण दाबतो, आमच्याकडे फोन वाजतो. मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत आम्ही त्याच्याशी बोलत राहायचं. फोन आपण आधी ठेवायचा नाही – टेबलाचा हा एकच नियम, बाकी सगळं कागदावर. शेवटी विचारायचं, "दार उघडलं का?" आतल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं "उघडलं" म्हटलं की मगच कॉल संपला. पूर्वी दोन शब्द हवापाण्याचे बोलून भागायचं. आता अडकलेल्याच्या लहानपणापर्यंत जाऊन येतो, तरी मेकॅनिक आपला शहराच्या दुसऱ्या टोकाला!

तो वेगळा विषय आहे म्हणे.

बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकला. शर्टाला बारीक भोक पडलं आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मनमित्र नेमका कशासाठी हवा होता ते आज कळलं. बडबडीसाठी.

बडबडी म्हणजे आमच्या टेबलाचा सगळ्यात चांगला आवाज. अडकलेली पोरं तिच्याशी कोडी घालत बसायची, दार उघडलं तरी बाहेर यायला तयार नसायची – "थांबा, उत्तर सांगा आधी!" ती आता कॉलवर कामापुरतं बोलते आणि कॉल संपला की भिंतीकडे बघत बसते. जानेवारीतल्या त्या कॉलपासून.

तो कॉल एकदा इथे लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. एक आजोबा, एकटे, दोन मजल्यांच्या मध्ये. कॉल तिनं घेतला. आजोबांच्या हातात दिव्याचा बल्ब होता, नुकताच विकत आणलेला. फुटेल म्हणून खाली बसायला तयार नव्हते. त्या बाजूला मेकॅनिक एकच, तो दुसरीकडे गुंतलेला. आजोबांना धाप लागायला लागली तसा मी तिच्याकडून हेडसेट घेतला, वरिष्ठ म्हणून. बोलत राहिलो. मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा आजोबा गेलेले होते.

बस्स.

मला काही झालेलं नाही. झोप कमी आहे, पण ती आधीपासूनच कमी. झालंय ते तिला.

तर हसरा म्हणतो, "त्यांनी सोबतला फोन केला तर बरं होईल सर. महिनाभरात फरक दिसला नाही तर टेबलावर ठेवता येणार नाही. साहेबांना रिस्क नकोय." म्हणजे बघा! मेकॅनिक नव्हता म्हणून माणूस मेला आणि दुरुस्ती कुणाची करायची? बडबडीची! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

श्वास-कार्यशाळा! जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे जेवण नाही, श्वासच खायचा.

शिकवायला एक तरतरीत मुलगी आली होती. चटया अंथरल्या, मंद संगीत लावलं. "डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही एका छोट्याशा बंद खोलीत आहात. अगदी शांत. बाहेरचा आवाज नाही. कुणीही येणार नाही..."

मामांनी एक डोळा उघडला. "कितव्या मजल्यावर?"

सगळी खोली हशानं फुटली! मामा आमच्यातले सगळ्यात जुने. प्रत्येक कॉल आधी त्यांच्याकडे येतो. ते इमारत आणि मजला विचारून घेतात आणि रिकामा दिसेल त्याला कॉल देतात, एका हातानं शब्दकोडं सोडवत. त्यांचा चेहरा इतका निर्विकार होता की बडबडीसुद्धा हसली. हसली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ती मुलगी मात्र रडवेली झाली. मग मला तिचंच वाईट वाटायला लागलं. आमचं काम काय, हे तिला कुणी सांगितलंच नसणार. पण मग न विचारता लोकांच्या डोक्यात शिरता तरी कशाला?

घरी ताईचा हुकूम. शाळेतून निवृत्त झाली तरी कवायतीच्या बाईंचा आवाज काही गेलेला नाही. "विद्वान! मधल्या खोलीतला बल्ब गेलाय. येताना आण." उद्या आणतो म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बडबडीनं त्या नंबरावर फोन केला म्हणे. मला जिन्यात गाठून सांगितलं. "दादा, बरं वाटलं हो."

बरं वाटलं, ते ठीक. पण कुणाला सांगून? पैसे मोजणार कंपनी, आणि ऐकणारी बाई तुझी? ती बाई उद्या हसऱ्याच्या खोलीत चहा घेत बसली तर?

सोमवार, १० फेब्रुवारी

हसऱ्याला तोंडावर विचारलं, त्या संस्थेकडून तुम्हाला काय काय कळतं?

"फक्त आकडे सर. कुठल्या विभागातून किती फोन, एवढंच. नावं नाहीत, विषय नाहीत. शंभर टक्के गोपनीय."

"मग एखाद्यानं फोन केला की नाही, तुम्हाला कसं कळणार? फरक कसा दिसणार?"

"कळतं सर."

आणि हसला.

कळतं! दिवसभर हा शब्द कानात. कळतं म्हणजे कुणीतरी कळवतं. पण नुसत्या संशयावर बोलणार नाही. कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. इतकी वर्षं त्याचा उपयोग फक्त ताईशी वाद घालण्यात झाला, आता खराखुरा करू. मासा गळाला लागतो का ते पाहायचं तर गळाला काहीतरी लावावं लागेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टाकला गळ!

दुपारी टेबल थंड असतं तेव्हा फोन लावला. शिफ्टमध्ये आमचे मोबाइल खाली लॉकरमध्ये, म्हणून टेबलावरूनच. पलीकडे बाईचा आवाज, मऊ, घोळवलेला. मनात लगेच नाव ठेवून टाकलं – साखरबाई. आणि तिचा पहिलाच प्रश्न काय? "तुम्ही आत्ता कुठून बोलताय? फोन तुमचा स्वतःचा आहे का?"

बघा! नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी ठावठिकाणा! म्हटलं, "फोनसारखा फोन आहे. पुढे बोला."

मग सांगितलं, मी ही कंपनी सोडतोय. मार्चअखेर समोरच्या कंपनीत जाणार. कुणालाही सांगितलेलं नाही, बहिणीलासुद्धा नाही. (अक्षर न् अक्षर खोटं. समोरच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये मी पाऊलही ठेवणार नाही.)

ती म्हणाली, "इतका मोठा निर्णय सांगताय, पण आवाज अगदी सपाट आहे. झोप कशी आहे तुमची?"

झोपेचा काय संबंध? तसं म्हटलंही. तर म्हणते, "पुन्हा फोन कराल तेव्हा शक्यतो बाहेरून करा. ऑफिसच्या बाहेरून." वा! आता फिरायला जायचंही हिच्याच सल्ल्यानं! मी मुद्दाम गप्प बसलो. म्हटलं, बघू किती वेळ थांबते. थांबली. शेवटी मीच फोन ठेवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल मी एका अनोळखी बाईशी खोटं बोललो आणि त्याला प्रयोग म्हणालो. ती निर्दोष असेल तर हा शुद्ध आगाऊपणा. दोषी असेल तर? तरी खोटं ते खोटंच. सकाळपासून हे उलटसुलट करतोय.

दुसरी एक गंमत. हल्ली माझ्या लाईनवर नुसती शाळकरी पोरं आणि सामान पोचवणारे. म्हाताऱ्या माणसांनी जिन्यानं जायचं ठरवलेलं दिसतंय! मामांना म्हटलंसुद्धा. ते कोड्यातून मान वर न करता म्हणाले, "तब्येतीला चांगलं असतं."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सापडली! साखरबाई सापडली!

व्हरांड्यात हसऱ्यानं पाठीवर हात ठेवला. "काय सर, समोरच्या कंपनीत चाललात म्हणे! आम्हाला सांगायचं तरी. निरोप समारंभ केला असता." शंभर टक्के गोपनीय! जगात हे फक्त एका माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस म्हणजे ती.

टेबलाजवळ उभा राहून सगळ्यांना सांगितलं. गळ, मासा, सगळं. पोस्टर ओढून काढलं, चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही आला. "यापुढे त्या नंबरावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द! तुमच्या पोटातलं काढून साहेबांच्या पोटात घालतात."

बडबडीकडे मुद्दाम वळून म्हणालो, "तू तर मुळीच नाही. तुझी नोकरी टांगणीला आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं दादा."

मामाही म्हणाले, "तू म्हणतोस तर नाही करत, बाबा."

किती दिवसांनी असं हलकं वाटलं! घरी ताईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती म्हणाली, "जिंकलास ना? मग आज तरी बसून जेव. किती दिवस झाले, ओट्यापाशी उभ्याउभ्या गिळतोस."

बसलो. पण अर्ध्यात उठलो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज टेबलावरून साखरबाईला फोन लावला आणि यथेच्छ सुनावलं. "तुम्ही विकलंत मला. लोक रडत येतात तुमच्याकडे आणि तुम्ही त्यांचं रडं वरच्या मजल्यावर पोचवता. दुसऱ्याच्या दुखण्यावर दुकान मांडलंय तुम्ही. लाज वाटते का?"

ती शांत. "मी तुमच्याबद्दल कुणालाही काहीही सांगितलेलं नाही." मग – "तुम्ही मागच्याच फोनवरून बोलताय का?"

पुन्हा तेच! म्हटलं, "फोनचं काय घेऊन बसलात? माणसांबद्दल बोला!"

"तुम्हाला आलेला राग मला पटतो. पण मला तुमच्याशी या फोनवर बोलायचं नाही, तुमच्यासाठीच. बाहेरून कराल का? मी आहे संध्याकाळपर्यंत."

कराल का म्हणे! आपटला फोन.

दुपारी बरं वाटत होतं, आता नाही. असल्या कामातला माणूस मी – फोन ठेवायचा नाही हे ज्याला शिकवलं गेलं, आणि ज्यानं ते कित्येकांना शिकवलं. आणि एका बाईवर फोन आपटला. ती दोषी आहेच. पण आवाज चढवला तो तिच्यावर का? हसऱ्यावर का नाही? हसऱ्याला चेहरा आहे म्हणून?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

झोप नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हसऱ्याच्या निर्लज्जपणाची कमाल! सगळ्यांसमोर म्हणाला, "या महिन्यात सोबतला सर्वांत जास्त फोन आपत्कालीन टेबलावरून गेलेत. अभिनंदन मनमित्र!" आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

मी पोस्टर फाडलं, सगळ्यांना बंदी घातली, आणि याचे फोन वाढले! आकडे सरळ बनवतो, लबाड कुठला. टेबलावर सगळे खाली माना घालून बसले होते. त्यांनाही लाज वाटली असणार, याच्या वतीनं.

एक मात्र खरं. बडबडी सुधारते आहे. आज एका पोराला कोडं घालत होती, चक्क गाण्याच्या चालीवर. हसऱ्यालाही मान्य करावं लागलं – "त्यांचे कॉल छान चाललेत सर, साहेब खूश आहेत. राहू दे म्हणालेत टेबलावर." राहू दे म्हणे, उपकार केल्यासारखं! साखरबाईच्या तावडीतून सुटली आणि बरी झाली, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

बुधवार, २६ फेब्रुवारी

ताई म्हणाली, "अंधारात बसून काय सिद्ध करतोस?" मधल्या खोलीबद्दल. मी म्हटलं, खिडकीतून येतो की उजेड.

मग जरा खालच्या आवाजात – हा तिचा आवाज मला माहीतच नव्हता – म्हणाली, "अरे, तू न्हाणीघरात बोलतोस. नळ सोडून. दार उघडलं का, दार उघडलं का... मी एकदा बाहेरून म्हटलंसुद्धा, अरे कडी तुझ्याच बाजूला आहे."

"काहीतरीच तुझं, ताई."

तिचं समाधान व्हावं म्हणून दुकानात गेलो. दुकानदारानं बल्ब होल्डरला लावून दाखवला – पेटतो बघा. मग काढून माझ्या हातात द्यायला लागला. म्हटलं, नंतर नेतो. तो म्हणाला, अहो, पाहिलात ना पेटलेला! बरोबर होतं त्याचं. का नाही घेतला, सांगता येत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जमेल तसं लिहितो.

हसऱ्यानं खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. "सर, तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाकडून ही भाषा?" आणि कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. माझा आवाज! 'तुम्ही विकलंत मला... दुकान मांडलंय... लाज वाटते का...' किती घाणेरडा आवाज आहे माझा, चढला की.

"हे तुमच्याकडे कसं आलं? त्या बाईनं दिलं?"

त्याला खरंच नवल वाटलं. "कुठली बाई? टेबलावरच्या सगळ्या लाईन रेकॉर्ड होतात ना सर. तुम्हीच तर सांगता प्रत्येकाला!"

तोंडात मारल्यासारखं झालं. 'नमस्कार, घाबरू नका, हे बोलणं रेकॉर्ड होत आहे, आपण कितव्या मजल्यावर आहात?' – रोज, प्रत्येक कॉलला, श्वास घ्यावा तसं म्हणतो. इतक्या वेळा म्हटलं की मला स्वतःला ऐकूच येईनासं झालं! ती मात्र पहिल्या वाक्यापासून विचारत होती. कुठून बोलताय? फोन तुमचा आहे का? बाहेरून करा. त्याच फोनवरून बोलताय का? रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर तिला याहून स्पष्ट बोलता आलं नसतं. आणि मी त्या प्रत्येक प्रश्नाची टिंगल करून इथे लिहून ठेवली. मागची पानं आत्ता चाळली. वाचवत नाहीत.

पण हसरा! मी म्हटलं, "तुम्ही समुपदेशनाचा फोन ऐकलात? बसून? सगळा?"

"नमुना म्हणून सर. क्वालिटी तपासणी. फोन कंपनीचा आहे."

"फोन कंपनीचा. त्यातला माणूस कुणाचा?" मी ओरडलो, चांगला मोठ्यानं, बाहेर टेबलापर्यंत गेलं असणार. "एक मेकॅनिक ठेवायला तुमच्याकडे पैसे नाहीत, पण आमचं रडं ऐकायला माणूस आहे? आणि मग व्हरांड्यात येऊन थट्टा करता? तुमच्या जागी चोर बरा. तो निदान हसत नाही."

तेव्हा पाहिलं – मिटतात. ओठ मिटतात त्याचे.

त्याला जे बोललो त्यातला एक शब्दही परत घेणार नाही. पण तिला जे बोललो ते? आणि बडबडी! माझ्या शब्दाखातर तिनं तिचा आधार तोडला. ती सुधारते आहे ती कशाच्या जोरावर, आणि तो जोर किती दिवस पुरणार? सोमवारी पहिलं काम तेच.

रविवार, २ मार्च

ताईनं स्वतः स्टुलावर चढून बल्ब लावला. मला हाक मारली नाही. खोलीत नको इतका उजेड.

सोमवार, ३ मार्च

जिन्यात गाठलं बडबडीला. (आम्ही टेबलवाले लिफ्टनं जात नाही.) सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग, हसरा, माझी चूक. म्हटलं, "ती बाई खरी आहे. मीच खोटा निघालो. तू पुन्हा फोन सुरू कर. आजच कर. पण टेबलावरून नको."

ती पायरीवर बसली. हसत होती की काय होतं, कळेना. "दादा, मी बंद केलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, ऑफिसच्या फोनवरून नको. मी बसस्टॉपवरून करते. मामा बागेतून करतात. सगळेच करतात हो. बाई विभागाचं नाव तेवढं विचारतात, ते आकडे खरे होते."

"मग मला 'बरं दादा' म्हणालीस ते?"

"तुम्ही इतके खूश होता त्या दिवशी! त्या कॉलनंतर पहिल्यांदाच. तुमचं ते भांडण तेवढं छान चाललं होतं. मोडवेना आम्हाला."

मोडवेना!

मी म्हटलं, त्या कॉलचा माझ्याशी काय संबंध, त्रास तुला झाला होता. तेव्हा ती बोलली. न थांबता, पूर्वीसारखी. "दादा, तुम्हाला आठवत नाही का खरंच? मेकॅनिक फोनवर सांगत होता, उघडलं, दार उघडलं, ठेवा आता. तुम्ही म्हणत होता, तू नको सांगू, त्यांना बोलू दे. त्यांना बोलू दे. किती वेळ! फोन ठेवतच नव्हता. शेवटी मी काढला हेडसेट तुमच्या डोक्यावरून. तुम्ही माझ्याकडे कसं बघितलंत... मी त्या नंबरावर जे बोलते ना, ते बहुतेक तेच. तुमचं ते बघणं." मग नाक पुसून, "म्हणून मामा म्हाताऱ्यांचे कॉल तुम्हाला देत नाहीत. आम्ही वाटून घेतो."

माझं डोकं फिरलं. कुणी सांगितलं होतं माझी दया करायला? मी तुमचा वरिष्ठ आहे की पेशंट? मला न विचारता, माझ्या पाठीमागे, माझ्याच टेबलावर! हे सगळं तिला बोललो, आणि आणखीही. ती उठली आणि वर गेली. मी खाली.

हसऱ्यानं मला न विचारता मनमित्र केलं, आणि यांनी मला न विचारता... काय केलं? शब्द सापडत नाही. तरी राग येतोच आहे.

मंगळवार, ४ मार्च

कुणाशीही बोललो नाही. फक्त मामांना सांगितलं, "यापुढे जो येईल तो कॉल मला द्यायचा. निवडानिवड नको."

मामा म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं करतो, बाबा."

त्या दिवशीही अगदी असंच म्हणाले होते. मी डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं. या वेळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी मामांनी तसा कॉल दिला. आजोबा. एकटे. "घाबरलो नाही हो, पण दार कधी उघडेल?" माझं तोंड उघडेना. बडबडी आपल्या जागेवरून उठून शेजारी येऊन उभी होती, नुसता हात पुढे करून. हेडसेट काढून तिला दिला.

जिना उतरलो. लॉकरमधून मोबाइल घेतला. रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि नंबर लावला. तोच आवाज – "कुठून बोलताय?"

"रस्त्यावरून. फोन माझा आहे."

"बोला."

बोलता येईना. गाड्या जात होत्या, मी तसाच उभा. तिनं फोन ठेवला नाही.